हॉर्मोन-व्यत्ययकारी रसायने

सजीवाच्या शरीरात बाहेरून प्रवेश करून त्याच्या अंतःस्रावी ग्रंथींच्या कार्यात फेरबदल घडविणारी आणि त्यायोगे त्या जीवाच्या किंवा त्याच्या संततीच्या आरोग्यास अपाय करणारी नैसर्गिक वा कृत्रिम द्रव्ये. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने २००२ मध्ये करण्यात आलेल्या व्याख्येत दोन अटी अंतर्भूत आहेत : हॉर्मोनांच्या कार्यात बदल झाला पाहिजे आणि त्या बदलामुळेच अपाय झाला पाहिजे. प्रयोगशाळेतील कोशिकांवर (पेशींवर) एखाद्या द्रव्याचा परिणाम दिसला एवढ्यावरून ते या वर्गात घालता येत नाही. हा वर्ग रासायनिक संरचनेवरून नव्हे, तर परिणामावरून ठरविलेला आहे. त्यामुळे कीटकनाशके, प्लॅस्टिकातील घटक, औषधे, जहाजांचे रंगलेप, विद्युत् रोहित्रांतील (ट्रान्सफॉर्मरमधील) तेले, तसेच काही वनस्पतींतील संयुगे अशी एकमेकांशी रासायनिक नाते नसलेली द्रव्ये त्यात एकत्र येतात. जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी २०१२ मध्ये घेतलेल्या आढाव्यात हॉर्मोनांच्या कार्यात व्यत्यय आणणारी अथवा तसा संशय असलेली सुमारे ८०० रसायने असल्याचे म्हटले असून त्यांपैकी फार थोड्यांचीच संपूर्ण प्राण्यांवर पुरेशी परीक्षा झाल्याचेही नमूद केले आहे.

क्रियाविधी : हॉर्मोने (उत्तेजक अंतःस्राव) ही अंतःस्रावी ग्रंथींत तयार होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवांपर्यंत संदेश पोहोचविणारी द्रव्ये होत. पोष ग्रंथी, अवटू ग्रंथी, अधिवृक्क ग्रंथी, अग्निपिंडातील द्वीपके, वृषण आणि अंडकोश ही त्यांची प्रमुख उत्पत्तिस्थाने आहेत. शरीराची वाढ, चयापचय (शरीरात सतत चालणाऱ्या रासायनिक घडामोडी), प्रजनन व मेंदूचा विकास यांचे नियंत्रण बव्हंशी हॉर्मोनांकडे असते. हॉर्मोन रक्तातून सर्वच कोशिकांपर्यंत जाते. परंतु त्याच्याशी जुळणारा ग्राही (ठराविक रेणूशीच बद्ध होणारे प्रथिन) ज्या कोशिकांत असतो त्याच प्रतिसाद देतात. या योजनेत परकीय रसायन तीन प्रकारे ढवळाढवळ करू शकते.

(१) नक्कल : रसायनाचा रेणू ग्राहीशी जुळला, तर कोशिका त्यालाच हॉर्मोन समजून कार्यास लागते. डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे औषध आणि बिस्फिनॉल-ए हा प्लॅस्टिकनिर्मितीतील घटक या रीतीने स्त्रीमदजन (स्त्रीत्वाची लक्षणे निर्माण करणाऱ्या) हॉर्मोनांची नक्कल करतात. (२) अडवणूक : रेणू ग्राहीवर बसतो, पण त्यास कार्यान्वित करीत नाही, त्यामुळे खऱ्या हॉर्मोनास जागा मिळत नाही. डीडीटीपासून शरीरात व मातीत तयार होणारे डीडीई हे संयुग पौरुषजन हॉर्मोनांच्या ग्राहीची अशी अडवणूक करते, हे १९९५ मध्ये दाखविण्यात आले. (३) पुरवठ्यात बदल : काही रसायने ग्राहीला स्पर्श न करता हॉर्मोनाची निर्मिती, वहन किंवा नाश यांवर परिणाम करतात. पर्क्लोरेट लवणे अवटू ग्रंथीकडे जाणारे आयोडीन अडवितात. तर प्लॅस्टिक मऊ करण्यासाठी वापरली जाणारी काही थॅलेटे उंदरांच्या नरगर्भातील वृषणांत होणारी टेस्टोस्टेरॉनाची निर्मिती घटवितात.

मात्रा आणि काल : द्रव्याचे विषारीपण त्याच्या मात्रेवर अवलंबून असते, हे सोळाव्या शतकात पॅरासेल्सस यांनी सांगितलेले तत्त्व विषविज्ञानाचा पाया मानले जाते. हॉर्मोन-व्यत्ययकारी रसायनांच्या बाबतीत ते खोटे ठरत नाही, परंतु अपुरे पडते. याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, हॉर्मोने मुळातच अत्यल्प प्रमाणात कार्य करतात. प्रौढ स्त्रीच्या रक्ताच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये एस्ट्रॅडायॉल या हॉर्मोनाचे प्रमाण मासिक चक्रानुसार काही दशक ते काही शतक पिकोग्रॅम एवढेच असते (१ पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लक्ष कोटीवा भाग). जेथे खरा संदेशच इतका सूक्ष्म असतो, तेथे त्याची नक्कल करणारे द्रव्यही अल्प प्रमाणात परिणामकारक ठरण्याचा संभव असतो. शिवाय जास्त मात्रेत ग्राहींची संख्या घटून परिणाम उलट कमी झाल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणून मोठ्या मात्रांच्या चाचण्यांवरून लहान मात्रांचा निर्धोकपणा कितपत ठरविता येतो, हा या क्षेत्रातील प्रमुख वादविषय आहे.

दुसरे व अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे काल. प्रौढाच्या शरीरात हॉर्मोने मुख्यतः चालू कार्याचे नियमन करतात. त्यात आलेला व्यत्यय रसायन निघून गेल्यावर पुष्कळदा नाहीसा होतो. गर्भात मात्र हॉर्मोने अवयवांची घडणच ठरवितात. पुरुष जननेंद्रियांची मूळ जडणघडण गर्भावस्थेच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत होते. मेंदूच्या आरंभीच्या विकासास लागणारे अवटू हॉर्मोन गर्भाला त्याची स्वतःची ग्रंथी कार्यक्षम होईपर्यंत मातेकडूनच मिळते. अशा नेमक्या काळात मिळालेला चुकीचा संदेश पुढे दुरुस्त होत नाही आणि त्याचे फळ पुष्कळदा वयात आल्यानंतरच दिसते. मात्रा तीच असूनही मातेला काही होत नाही व अपत्याला अपाय होतो, याचे कारण हेच होय.

वन्य प्राण्यांतील निरीक्षणे : या विषयाचे पहिले पुरावे माणसांत नव्हे, तर पशुपक्ष्यांत मिळाले. १९४० नंतरच्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात विशिष्ट क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्यांत वंध्यत्व पसरले; त्या गवतातील स्त्रीमदजनसदृश संयुगे त्यास कारणीभूत होती. १९५० मध्ये अमेरिकेत बर्लिंग्टन व लिंडमन यांनी कोंबड्याच्या नर पिलांना डीडीटी टोचले असता त्यांची वृषणे व तुरे खुरटे राहिल्याचे आढळले. डीडीटीच्या कीटकनाशक गुणाच्या शोधाबद्दल पॉल म्यूलर यांना नोबेल पारितोषिक मिळून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. पुढे १९६७ मध्ये ब्रिटनमधील शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे डीडीटीचा वापर सुरू झाल्यापासून पातळ झाल्याचे रॅटक्लिफ यांनी दाखवून दिले.

समुद्रातील गोगलगायींचे उदाहरण सर्वांत निर्विवाद मानले जाते. जहाजांच्या तळावर शिंपले व शेवाळ चिकटू नयेत म्हणून ट्रायब्युटिल टिन या संयुगाचा रंगलेप वापरीत असत. त्याच्या लेशमात्र अस्तित्वानेही मादी गोगलगायींत नराचे जननेंद्रिय वाढू लागते. भारतीय किनाऱ्यावरील क्रोनिया कोंकणेन्सिस या जातीत हा विकार असल्याची नोंद गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९९९ मध्ये केली. ब्रिटनमधील नद्यांत सांडपाण्याच्या मुखाजवळ नर माशांच्या वृषणांत अंडी आढळली. संततिनियमनाच्या गोळ्यांतील कृत्रिम स्त्रीमदजन मूत्रावाटे नदीत येते व ते याचे एक कारण असल्याचे दिसून आले.

ही विखुरलेली निरीक्षणे एकत्र आणण्याचे श्रेय थिओ कोलबॉर्न या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञांकडे जाते. त्यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील विंगस्प्रेड येथे निरनिराळ्या शाखांचे २१ शास्त्रज्ञ एकत्र आले व या रसायनांना आजचे नाव मिळाले.

मानवी पुरावा : डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल : माणसातील सर्वांत स्पष्ट पुरावा प्रदूषणातून नव्हे, तर औषधोपचारातून मिळाला. डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्रीमदजन १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स डॉड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केले. ते स्वस्त होते, तोंडाने घेता येत असे आणि त्यावर एकस्व (पेटंट) घेतलेले नव्हते. गर्भपात टळावा म्हणून १९४० नंतरच्या दशकापासून ते गर्भवतींना, विशेषतः अमेरिकेत, मोठ्या प्रमाणावर दिले जाऊ लागले. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील चाचणीत या कामी त्याचा काहीच उपयोग होत नसल्याचे दिसून आले. तरीही त्याचा वापर चालू राहिला.

१९७१ मध्ये बॉस्टन येथील आर्थर हर्ब्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ ते २२ वर्षे वयाच्या आठ मुलींतील योनिमार्गाच्या एका दुर्मिळ कर्करोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठपैकी सात मुलींच्या मातांनी त्या मुली गर्भात असताना हे औषध घेतले होते; तुलनेसाठी निवडलेल्या ३२ मातांपैकी एकीनेही ते घेतलेले नव्हते. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भवतींना हे औषध देऊ नये अशी सूचना काढली. तोवर एकट्या अमेरिकेत माता व अपत्ये मिळून ५० लक्ष ते १ कोटी व्यक्तींचा त्याच्याशी संबंध आला असावा, असा अंदाज आहे. कर्करोगाचे प्रमाण अशा मुलींत सुमारे हजारी एक निघाले. परंतु गर्भाशयाच्या रचनेतील दोष, वंध्यत्व, गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा व अकाली प्रसूती हे विकार त्यांच्यात याहून पुष्कळ अधिक आढळले. मुलांत अधिवृषणातील द्रवार्बुदे व वृषणे खाली न उतरणे हे दोष दिसले.

या प्रकरणातून एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. औषध घेणाऱ्या मातांना तत्काळ कोणताही त्रास झाला नाही, अपत्ये जन्मतः धडधाकट दिसत होती आणि रोग पंधरा-वीस वर्षांनी प्रकट झाला. तरुण वयात हा कर्करोग जवळजवळ होतच नसल्यामुळे केवळ आठ रुग्णांवरून कारण उमगले. त्याऐवजी एखाद्या नेहमीच्या रोगाचे प्रमाण थोडे वाढले असते, तर ते कदाचित कोणाच्या ध्यानातही आले नसते. मातांनी घेतलेल्या औषधाची नोंद होती. अन्नपाण्यावाटे येणाऱ्या रसायनाची तशी नोंद कोणाकडेच नसते. मात्र औषधातील मात्रा पर्यावरणातून मिळणाऱ्या मात्रेपेक्षा फार मोठी होती. त्यामुळे हे उदाहरण गर्भातील हॉर्मोन-व्यत्यय माणसात घडू शकतो एवढे सिद्ध करते. इतर रसायनांनी तो घडविलाच आहे, असे त्यावरून म्हणता येत नाही.

अपघात व व्यवसाय यांतून मिळालेला पुरावा : १९६८ मध्ये पश्चिम जपानात व १९७९ मध्ये तैवानमध्ये तांदळाच्या कोंड्याच्या तेलात पॉलिक्लोरीनीकृत बायफिनिले व त्यांची उपद्रव्ये मिसळून प्रत्येक ठिकाणी सुमारे दोन हजार लोकांना विषबाधा झाली. तैवानमधील बाधित मातांची मुले कमी वजनाची निघाली व पुढे बुद्धिमापन कसोट्यांत इतरांच्या मागे राहिली. इटलीतील सेव्हेझो येथे १० जुलै १९७६ रोजी एका रासायनिक कारखान्यातून डायॉक्सिन हवेत पसरले. त्यावेळी १ ते ९ वर्षे वयाच्या असलेल्या मुलग्यांत प्रौढपणी शुक्राणूंची संख्या व गतिशीलता कमी आढळली. बाधेच्या वेळी १८ वर्षांपेक्षा मोठ्या असलेल्या पुरुषांत तसा परिणाम आढळला नाही. एकाच विषाचा परिणाम वयानुसार भिन्न होतो, याचा हा ठळक दाखला आहे. कॅलिफोर्नियात १९५९–६७ या काळात साठविलेल्या रक्तनमुन्यांच्या अभ्यासातूनही असाच निष्कर्ष निघाला : ज्या स्त्रियांचा डीडीटीशी संपर्क वयाच्या चौदाव्या वर्षाआधी आला आणि ज्यांच्या रक्तात त्याचे प्रमाण अधिक होते, त्यांच्यात मध्यमवयापूर्वीच्या स्तनकर्करोगाचा धोका सुमारे पाच पट असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठेपणी संपर्क आलेल्या स्त्रियांत अशी वाढ दिसली नाही.

भारतातील प्रमुख उदाहरण केरळमधील कासरगोड जिल्ह्याचे आहे. तेथील काजूच्या बागांवर सुमारे वीस वर्षे हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारले जात होते. बागा डोंगरउतारावर व वस्त्या पायथ्याशी असल्याने औषध ओढे-विहिरींत उतरत असे. फवारणी थांबल्यानंतर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने १० ते १९ वर्षे वयाच्या ११७ शालेय मुलग्यांची तपासणी करून त्यांची तुलना अन्यत्रच्या ९० मुलग्यांशी केली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बाधित मुलांच्या रक्तात एंडोसल्फान अधिक, टेस्टोस्टेरॉन कमी व वयात येण्याची लक्षणे उशिरा दिसून आली. मुलांची संख्या लहान असल्याच्या कारणावरून या निष्कर्षांवर आक्षेपही घेण्यात आले. एप्रिल २०११ मध्ये स्टॉकहोम करारान्वये एंडोसल्फान वर्ज्य रसायनांच्या यादीत घालण्यात आले आणि मे २०११ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या उत्पादनास व विक्रीस मनाई केली.

दैनंदिन वापरातील रसायने : बिस्फिनॉल-एपासून पॉलिकार्बोनेट हे पारदर्शक प्लॅस्टिक व डब्यांच्या आतील एपॉक्सी लेप तयार करतात, रोखपावतीच्या उष्णतासंवेदी कागदावरही ते असते. त्याचा स्त्रीमदजनसदृश गुण १९३६ मध्येच ज्ञात झाला होता. उष्णतेने ते प्लॅस्टिकातून पाझरते. काही तासांतच ते मूत्रावाटे बाहेर पडत असले, तरी संपर्क रोजचाच असल्याने बहुसंख्य लोकांच्या मूत्रात ते सापडते. प्राण्यांवरील प्रयोगांत गर्भावस्थेतील संपर्काने स्तनग्रंथी, पुरःस्थ ग्रंथी व वर्तन यांत फरक आढळले आहेत. मानवी पाहण्यांत लठ्ठपणा व मधुमेह यांच्याशी त्याचा सहसंबंध दिसला आहे. परंतु डबाबंद अन्न अधिक खाणाऱ्यांचा आहारच निराळा असू शकतो, म्हणून सहसंबंधावरून कारण ठरविता येत नाही. थॅलेटांच्या बाबतीत, गर्भवतीच्या मूत्रातील त्यांचे प्रमाण व मुलग्यांच्या जननेंद्रियांच्या मापांतील सूक्ष्म फरक यांचा संबंध अमेरिकेत २००५ मध्ये प्रथम दाखविण्यात आला.

पुरुषांच्या वीर्यातील शुक्राणूंची संख्या घटत आहे काय, हा प्रश्न डॅनिश संशोधकांनी १९९२ मध्ये पुढे आणला. जुन्या अभ्यासांचे संकलन करून त्यांनी १९३८ ते १९९० या काळात सरासरी संख्या मिलिलिटरमागे ११·३ कोटींवरून ६·६ कोटींवर आल्याचे सांगितले. २०१७ मधील अधिक काटेकोर संकलनातही पाश्चात्त्य देशांत १९७३ ते २०११ या काळात निम्म्याहून अधिक घट आढळली. मोजणीच्या पद्धती व निवडलेले पुरुष सर्वत्र सारखे नसल्याने काही तज्ज्ञांना ही घट मान्य नाही. घट मान्य केली, तरी लठ्ठपणा, धूम्रपान व रसायने यांचा त्यातील वाटा निराळा काढता आलेला नाही.

नियंत्रण : अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी घातली. भारतात १९८९ मध्ये त्याचा शेतीतील वापर बंद करण्यात आला. मलेरिया व काळा आजार यांचा प्रसार करणाऱ्या कीटकांविरुद्ध मात्र तो पुढेही चालू राहिला. २००१ मध्ये संमत झालेल्या व भारताने २००६ मध्ये अनुसमर्थन दिलेल्या स्टॉकहोम करारातही डीडीटीला हाच अपवाद ठेवला आहे. मलेरियाने मरणाऱ्या बालकाचा निश्चित धोका आणि रसायनाचा दूरचा धोका यांचा तोल साधण्याचा तो प्रयत्न होय. ट्रायब्युटिल टिनयुक्त रंगलेपांवरील बंदीचा आंतरराष्ट्रीय करार २००८ मध्ये अमलात आला. बिस्फिनॉल-एचा लहान मुलांच्या दूध पिण्याच्या बाटल्यांतील वापर कॅनडाने २०१० मध्ये, यूरोपीय संघाने २०११ मध्ये व भारतीय मानक ब्यूरोच्या मानकाने २०१५ मध्ये वर्ज्य केला. त्याऐवजी अनेक ठिकाणी बिस्फिनॉल-एस वापरात आले; परंतु त्याचाही गुण बराचसा तसाच असल्याचे आढळले.

अल्प मात्रेविषयीचा मतभेद किती खोल आहे, हे पुढील गोष्टीवरून दिसते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये बिस्फिनॉल-एचे तत्कालीन उपयोग सुरक्षित असल्याचे मत दिले. यूरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये त्याची सह्य दैनिक मात्रा २० हजार पटींनी खाली आणली. जर्मनीच्या संबंधित संस्थेने तोच पुरावा पाहून यूरोपीय मात्रेच्या एक हजार पट मात्रा पुरेशी सुरक्षित मानली. अखेर २०२४ मध्ये यूरोपीय संघाने अन्नाशी संपर्क येणाऱ्या वस्तूंत त्याचा वापर वर्ज्य करणारा नियम संमत केला.

प्रतिबंध : व्यक्तीच्या हाती असलेले उपाय मर्यादित, परंतु सोपे आहेत. गरम अन्न, चहा वा दूध प्लॅस्टिकच्या पात्रात वा पिशवीत न ठेवता धातूच्या, काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात ठेवावे. कीटकनाशकांचे रिकामे डबे पाणी वा धान्य साठविण्यास वापरू नयेत. फवारणीच्या वेळी हातमोजे व मुखपट्टी वापरावी, अंगावरचे कपडे वेगळे धुवावेत आणि गर्भवती स्त्रियांना व मुलांना या कामापासून व फवारलेल्या शेतापासून दूर ठेवावे. मातेच्या दुधात डीडीटीसारखी वसाविद्राव्य (स्निग्ध पदार्थांत विरघळणारी) द्रव्ये उतरतात. तथापि स्तनपानाचे लाभ कितीतरी अधिक असल्याने ते थांबवू नये, असाच वैद्यकीय सल्ला आहे.

खरा उपाय मात्र सार्वजनिक स्वरूपाचा आहे. या रसायनांचा अपाय पुष्कळदा ज्याने ती वापरली त्याला न होता त्याच्या अपत्याला होतो आणि तो उघड होण्यास एक पिढी जावी लागते. डायएथिलस्टिलबेस्ट्रॉलाची निरुपयोगिता दिसल्यापासून त्याचा वापर थांबविण्याची सूचना निघेपर्यंत अठरा वर्षे गेली. त्या काळात जन्मलेल्या अपत्यांना झालेला अपाय भरून येणारा नव्हता. म्हणून संपूर्ण सिद्धतेची वाट न पाहता, रसायन वापरात येण्यापूर्वीच गर्भावर व वाढत्या वयावर होणाऱ्या त्याच्या परिणामांची परीक्षा व्हावी आणि ते निर्धोक असल्याचे दाखविण्याची जबाबदारी उत्पादकावर असावी, हे तत्त्व आता अनेक देशांच्या कायद्यांत मूळ धरू लागले आहे.